भरलेले पैसे परत मिळतात का?

“ताई, वर्षभर काय झालंच न्हाई तर भरलेलं पैसं परत मिळत्यात काय?”

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या लिहायचं माझं काम. महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. विमा दुकानाचा असू दे, दवाखान्याचा असू दे, नाहीतर टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा आयुर्विमा. नाही मिळत म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: “मग बुडालंच की ओ!” सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तरी प्रश्न तोच. गल्ल्यासमोर उभ्याउभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज बसून लिहिते.

२०१९ चा ऑगस्ट. पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर पाऊस किती पडला ते नंतर विचारतो, आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट ते विचारतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. त्या साली पाणी ५५ च्या वर गेलं. ओसरल्यावर एकाच गल्लीतल्या दोन कापड दुकानांत गेले, दोन्ही माझीच गिऱ्हाइकं. चिखलाची रेघ दोन्हीकडं सारख्याच उंचीवर. साड्यांचे गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि रॅकमध्ये असे रुतून बसले होते की ओढून निघेनात. शेवटी फळ्या तोडल्या. लाल काठाचा रंग पिवळ्यात उतरलेला, पिवळ्याचा पांढऱ्यात.

एकाचा विमा होता, तोही हौसेनं काढलेला नव्हे. सीसी, म्हणजे धंद्याचं खेळतं कर्ज, देताना बँकेनं गळ्यात मारलेला. माल ३० लाखांचा, विमा १५ लाखांचा, कारण बँकेला तेवढाच हवा होता. नुकसान झालं १२ लाखांचं. “१५ च्या आतच हाय, सगळं मिळंल,” म्हणून मालक निवांत. हातात पडले ६ लाखांना थोडे कमी. निम्म्याच मालाचा विमा, म्हणून नुकसानही निम्मंच भरून मिळालं, आणि वर थोडी वजावट. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरला त्यानं घातलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. कलम कागदावर छापलेलं होतं, पण तो कागद त्यानं पहिल्यांदा उघडला तो पूर ओसरल्यावर.

शेजाऱ्याचा विमाच नव्हता. त्यानं काय केलं ते माझ्या वहीत तारीखवार आहे. आधी मुलीच्या नावाची एफडी मोडली. मग बायकोच्या पाटल्या गुजरीत, सराफ बाजारात गेल्या. तरी पुरेना, तेव्हा गावाकडची २० गुंठे काढली. पुराच्या वर्षी जमीन विकायला काढणारा किती अडलेला आहे हे घेणाऱ्याला सांगावं लागत नाही. भाव तसाच आला. आज दुकानं दोघांचीही चालू आहेत. पण शिव्या घालणाऱ्याच्या घरातलं सोनं जागचं हललं नाही. विमा साड्यांचा होता, वाचल्या त्या पाटल्या.

आता माझं शहाणपण ऐका. २०१८ च्या दसऱ्याला स्कूटर घेतली. त्याच्या आदल्याच महिन्यापासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला होता. कागदावर २०२३ वाचलं आणि फाइल कपाटात टाकली. जुलै २०२१ मध्ये पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाणी. कागद घेऊन गेले तर कळलं, ५ वर्षं आहेत ती माझ्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. माझ्या गाडीचा विमा पहिल्या वर्षापुरताच होता. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढणारी बाई मी! त्यात पाणी ओसरल्यावर दोन-तीनदा स्टार्टर मारून बघितलेला. असं केल्यानं इंजिन गेलं तर त्याचा खर्च सहसा पूर्ण विम्यातही बसत नाही, इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

पैसे परत देणाऱ्या पॉलिस्या असतात, नाही असं नाही. हप्ता भलामोठा, कव्हर तोकडं. कर्ता माणूस गेला तर त्यात घर किती दिवस चालेल, एवढा एकच हिशेब मी मांडून दाखवते.

उद्यमनगरातल्या लेथवाल्यांना मात्र आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. धंदा म्हटला की कर्ज आलंच, आणि माणूस गेल्यावर घेणेकरी आधी दारात येतात. १८७४ चा एक कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. नवऱ्यानं स्वतःच्या आयुष्याचा विमा त्या कायद्याखाली बायकामुलांच्या नावे काढला, तर ते पैसे त्यांचेच. त्याच्या घेणेकऱ्यांना हात लावता येत नाही. फक्त हे पॉलिसी घेतानाच लिहून द्यावं लागतं, मागाहून जोडता येत नाही. एजंट आपणहून सांगतो असा अनुभव मला तरी नाही.

गेल्या वर्षी एका हमालाची बायको पासबुक घेऊन आली. नवरा चार दिवसांच्या तापात गेलेला, वय ४७. शिल्लक किती तेवढं बघून द्या म्हणाली. शिल्लक हजारभर. पण वर मे महिन्याच्या शेवटी एक ओळ होती, ४३६ रुपये वजा.

“ते दरसाल कापत्यात. आमचं हे बँकेत भांडून पण आलं हुतं.”

प्रधानमंत्री जीवनज्योती या सरकारी योजनेतल्या २ लाखांच्या आयुर्विम्याचा तो हप्ता. मृत्यूचा दाखला, तिचं आधार, फॉर्म, सगळं मीच लावून दिलं. पैसे खात्यावर आले त्या दिवशी पेढे घेऊन आली. बसली, पाणी प्याली, पासबुक पुन्हा माझ्यासमोर ठेवलं आणि मागचं पान उलटून विचारलं,

“ताई, आधीच्या सालांचं कापलेलं पण परत मिळंल काय?”