केळीच्या आभासी बागेत नजर नेमकी कुठे पडते?

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांना हरण्या या विषाणूजन्य रोगाची (यात रोगट झाड उपटून टाकावे लागते) लवकर ओळख पटावी म्हणून आम्ही जळगावात एक आभासी बाग तयार करत आहोत. त्या बागेत फिरताना शेतकऱ्याची नजर कुठे जाते, हे हेडसेटमधील आय-ट्रॅकरने नोंदवणे माझ्याकडे आहे.

यंत्राचे काम थोडक्यात असे: भिंगांभोवतीचे अवरक्त दिवे डोळ्यावर प्रकाश टाकतात, छोटे कॅमेरे बाहुली आणि डोळ्यावर उमटलेली चमक टिपतात, आणि त्या दोहोंच्या परस्पर स्थानावरून नजरेची दिशा काढली जाते. आभासी दृश्यातील प्रत्येक वस्तू संगणकाला आधीच ठाऊक असल्याने नजरेची रेषा जिथे टेकते त्या वस्तूचे नाव आपोआप नोंदले जाते, आणि ही सोय मोठीच आहे. केळीचे पान मात्र या सोयीची चांगलीच परीक्षा घेते. वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या चिरेतून रेषा आरपार गेली की माणूस पान पाहत असतानाही नोंद मागच्या झाडाच्या नावावर पडते. म्हणून आम्ही पानाभोवती त्याच्याहून थोडे मोठे, न दिसणारे आवरण ठेवले आहे.

अचूकतेची मर्यादा याहून महत्त्वाची आहे. २०१९ मध्ये आलेल्या व्हाइव्ह प्रो आय या हेडसेटसाठी निर्मात्याने दृश्याच्या मधल्या २० अंशांत ०.५ ते १.१ अंश इतकी अचूकता सांगितली आहे. एका अंशाची चूक म्हणजे दोन मीटरवर सुमारे साडेतीन सेंटिमीटर. त्यामुळे अमुक शेतकऱ्याने पानावरचा बारीक पिवळसर पट्टा पाहिला, असे कोणी छातीठोकपणे लिहिले तर माझा विश्वास बसत नाही. पानाचा तेवढा भाग नजरेखाली होता, इतकेच म्हणता येते. त्यातून मे महिन्यात घामाने हेडसेट जरा जरी सरकला की हाही हिशोब बिघडतो आणि कॅलिब्रेशन, म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांशी यंत्र जुळवून घेणे, पुन्हा करावे लागते. काजळ असेल तर कॅमेऱ्याला बाहुलीची कड ओळखणे अवघड जाते, ते वेगळेच.

पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसवलेल्या माणसाच्या अभ्यासात न येणारी एक अडचण इथे येते. मान वळवताना एखाद्या घडावर नजर स्थिर ठेवायची तर डोळे खोबणीत उलट दिशेने फिरतात. केवळ डोळ्यांचा वेग मोजणारी आज्ञावली त्या स्थिर नजरेला हालचाल समजते. म्हणून डोके आणि डोळे यांची दिशा एकत्र करूनच नजर कुठे ठरली हे काढावे लागते.

इतके सांभाळूनही अर्थ लावायचा उरतोच. एकच चित्र पाहताना प्रश्न बदलला की नजरेचा मार्ग बदलतो, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बस यांनी चित्रकार इल्या रेपिन यांच्या चित्रावरील प्रयोगात दाखवले होते. म्हणून ‘बाग बघा’ एवढे सांगून हेडसेट डोक्यावर चढवण्यात अर्थ नाही. ‘यातले कोणते झाड उपटाल?’ असे विचारले की नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

फेरी संपल्यावर नजरेचा ठिपका असलेले चित्रण आम्ही त्याच शेतकऱ्याला दाखवतो. एका काकांचा ठिपका खालच्या पानावर बराच वेळ थांबलेला होता, आणि मी ती रोगाची शंका समजत होतो. ते म्हणाले, “ते पान नाही हो पाहत होतो. आधी पोगा पाहिला, तिथेच कळलं. नंतर उपटायला कुठून हात घालायचा ते बघत होतो.” पोग्यावर, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या कोवळ्या पानावर, त्यांची नजर आधी क्षणभर गेल्याची नोंद होतीच. आता मी किती वेळ पाहिले यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहिले, हे आधी तपासतो, आणि पोग्याची नोंद पानांपासून वेगळी ठेवतो.