मालीच्या प्रतिनिधीची दुरुस्ती

अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद, म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी होऊन भरवलेली सभा, म्हटलं की मुलांना सुरक्षा परिषदच हवी असते. नकाराधिकार, निर्बंध, युद्ध, टेबलावर हात आपटणं. या वेळी आमच्या राज्यशास्त्र विभागातर्फे मी मुद्दाम रटाळ वाटेल असा विषय लावला: मराकेश, डिसेंबर २०१८. मोरोक्कोतल्या या शहरात १० आणि ११ डिसेंबरला दीडशेहून जास्त देशांनी स्थलांतराविषयीचा जागतिक करार स्वीकारला. आठवडाभराने, १९ डिसेंबरला, न्यूयॉर्कला आमसभेत मतदान झालं. बाजूने १५२, विरोधात ५, तटस्थ १२. हे दोन्ही आमच्या पोरांनी सोलापुरात एका दिवसात उरकायचं, चर्चा मराठीत, देश चिठ्ठ्या टाकून. सभापती मी.

"मॅडम, बंधनकारकच नाही तर भांडायचं कशावर?" हा पहिला प्रश्न. मग मी बेल्जियमची गोष्ट सांगितली. याच बंधनकारक नसलेल्या कागदावरून तिथला मोठा पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि १८ डिसेंबरला पंतप्रधान शार्ल मिशेल यांनी राजीनामा दिला. त्यानंतर बेल्जियमची चिठ्ठी आलेला मुलगा आठवडाभर कोट घालून हिंडत होता.

स्वित्झर्लंड अक्कलकोटच्या एका मुलीकडे आलं. वाचून वाचून ती वैतागली. कराराच्या वाटाघाटी पुढे नेण्याचं काम मेक्सिको आणि स्वित्झर्लंड या दोन देशांच्या राजदूतांकडे होतं. प्रत्यक्ष मतदानाला मात्र स्वित्झर्लंड तटस्थ राहिलं, कारण तिथल्या संसदेला आधी स्वतः चर्चा करायची होती. "म्हणजे स्वयंपाक मी करायचा आणि पंगतीला मीच बसायचं नाही?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, हेच सभेत बोल.

परिषदेच्या दिवशी प्राचार्यांचं उद्घाटनाचं भाषण झालं. सोलापुरात आंतरराष्ट्रीय म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस येणारच. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला आपल्या गावचा डॉक्टर, तिथेच १९४२ साली वारला. टाळ्या पडल्या. चीनच्या प्रतिनिधीने उठून नमस्कार केला, त्याला जास्त पडल्या. मग कामकाज सुरू झालं.

सकाळचं सत्र कराराला विरोध करणाऱ्या हंगेरीचं होतं. ही मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले, आजीने आयुष्यभर विड्या वळल्या. चिठ्ठी उघडल्यावर "बदलून द्या ना मॅडम" म्हणाली होती. मी दिली नाही. आता तीच उभी राहून विचारत होती, "तुम्ही म्हणता करार बंधनकारक नाही. मग ज्याला नको त्याच्या संमतीसाठी एवढा आग्रह का? आज मार्गदर्शक म्हणून आलेला कागद उद्या न्यायालयात दाखवला जाणार नाही, याची हमी कोण देणार?" मेक्सिकोने सार्वभौमत्वाचा परिच्छेद वाचून दाखवला. कोणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा देशाचा हक्क त्यात स्पष्ट मान्य केलेला आहे. हंगेरी म्हणाली, एका परिच्छेदात हक्क द्यायचा आणि तेवीस उद्दिष्टांत तो कसा वापरायचा हे शिकवायचं, याला काय म्हणायचं?

कॅनडाला राहवलं नाही. "अगं, तुझ्याच घरी तेलुगू बोलतात ना?"

मी घंटी वाजवली. वैयक्तिक शेरेबाजी चालणार नाही. पण हंगेरीला माझी गरज नव्हती. "सभापती महोदया, हंगेरीच्या घरात काय बोलतात याची चौकशी कॅनडाने करू नये." हॉल डोक्यावर घेतला पोरांनी.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा प्रतिनिधी तोवर गप्प होता. मुलगा बीडकडचा, इथे वसतिगृहात राहतो. आईवडील टोळीबरोबर आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याला ऊस तोडायला येतात. गाळप हंगाम ऐन भरात होता, म्हणजे ते दोघंही त्या दिवशी आमच्यापासून फार लांब नव्हते. हे मला माहीत होतं, वर्गातल्या बहुतेकांना नव्हतं.

त्याने दुरुस्ती मांडली: करारात देशांतर्गत स्थलांतरितांचाही समावेश करावा. मी ती फेटाळली. करार आंतरराष्ट्रीय स्थलांतरापुरता आहे, विषयपत्रिकेबाहेर जाता येणार नाही. निर्वासितांचा करारसुद्धा वेगळाच, १७ डिसेंबरला आमसभेत मंजूर झालेला. पुन्हा तीच वेळ आली तरी मी हाच निर्णय देईन. नियम मोडून चांगली गोष्ट घुसवायची सवय मुलांना लागली की वाईटही त्याच दाराने येतं. तो "ठीक आहे" म्हणून बसला आणि कागद चाळू लागला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे भाकरी आणि शेंगाचटणीवर तुटून पडले होते, तेव्हाही तो कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसलेला होता.

दुपारी त्याने पुन्हा हात वर केला. दुरुस्ती नाही, फक्त दुसऱ्या आणि सहाव्या उद्दिष्टावर बोलायचंय. दुसरं उद्दिष्ट माणसाला देश सोडायला भाग पाडणारी कारणं कमी करण्याचं, त्यात दुष्काळाचा उल्लेख आहे. सहावं न्याय्य भरतीचं: कामगाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत, त्याला कर्जाच्या वेठबिगारीत अडकवू नये. दोन्ही विषयपत्रिकेवरचेच. मी परवानगी दिली.

"पाऊस गेला की मालीचा माणूस आयव्हरी कोस्टला जातो, कोकोच्या बागेत. ही कारणं कमी करायची तर पाणी आधी गावात पाहिजे, सीमेवर नाही." इथवर पाठ केलेलं होतं. मग तो थांबला. "मालीला असा एक मुलूख माहिती आहे, जिथे पाऊस गेला की माणूस कोयता घेऊन निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादम उचल देतो. आखातात जाणाऱ्याकडून एजंट पैसे घेतो आणि त्याला बांधतो. इथे मुकादम पैसे देतो आणि बांधतो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. आजारी पडून घरी राहिलं की खाडा, म्हणजे दंड, लागतो. सहाव्या उद्दिष्टात जे लिहिलंय ते हेच आहे ना?"

जर्मनीने माहितीचा मुद्दा काढला. त्या मुलखात स्थलांतरित कामगारांचा कायदा नाही का?

"होता की. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांसाठी. टोळी कर्नाटकात गेली तर त्यात बसायची. बीडहून सोलापूरला आली तर नाही. तुमच्या करारात सीमा देशाची, त्या कायद्यात राज्याची. आमचा ट्रक जिल्ह्याची सीमा ओलांडतो."

"आमचा" म्हणून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "मालीचा," त्याने दुरुस्त केलं. कोणी हसलं नाही. हंगेरीने पुरवणी प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता: उचल नको असेल तर घेऊ नये, जबरदस्ती कोण करतं? तो म्हणाला, जून महिन्यात बियाण्याला आणि पोरांच्या वह्यांना दुसरं कोण पैसे देतं ते हंगेरीने सांगावं, माली त्याच्याकडून घेईल. माझ्या मते दिवसातली ही सर्वांत सरस देवाणघेवाण. दोघंही आपापल्या जागेवरून तसूभर हलले नाहीत.

मतदान सरकारांच्या खऱ्या भूमिकेप्रमाणेच करायचं होतं, त्यामुळे निकाल ठरलेला होता. स्वित्झर्लंडने तटस्थ राहताना "नाइलाजाने" असं मोठ्याने नोंदवून घेतलं. ब्राझीलने बाजूने मत दिलं आणि बसता बसता सांगितलं की पुढच्या महिन्यात आपण बाहेर पडणार आहोत. तेही खरंच. जानेवारी २०१९मध्ये तिथलं नवं सरकार करारातून बाहेर पडलं आणि २०२३मध्ये सत्ताबदल झाल्यावर परत आलं.

उत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस परीक्षकांनी हंगेरीला दिलं. स्टाफरूममध्ये यावरून चहा थंड होईपर्यंत वाद झाला. मालीवर अन्याय झाला, असं दोघातिघांचं मत. मला तसं वाटत नाही. मालीने स्वतःचं बोलून दाखवलं, आणि नियमात बसवून दाखवलं, हे मोठंच. पण हंगेरी दिवसभर स्वतःच्या घराविरुद्ध लढली आणि एकदाही डळमळली नाही. या खेळात गुण त्याला असतात.

पुढच्या वर्षीचा विषय मुलांनी आताच ठरवून टाकलाय: ऊसतोड कामगारांची परिषद. कारखाने, कामगार विभाग, कर्नाटक सरकार, टोळ्या, मुकादम, सगळे टेबलाभोवती. मी म्हटलं, चालेल, पण चिठ्ठ्या टाकूनच. तेवढ्यात बीडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, चिठ्ठी नको. मुकादम मला द्या. त्याचं बोलणं मला पाठ आहे." हंगेरी लगेच म्हणाली, मग कोयता मी घेते.