तेवीस किलोंची दिवाळी

सोमवार

गणपती गावाला गेले. आता नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या घराघरांत जर्मनीला शिकायला निघालेल्या पोरांच्या बॅगा तोलायचे काटे निघतील. जर्मनीतलं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. दिवाळी त्यानंतर महिना-दीड महिन्यात येतेच, आणि इथल्या आयांना वाटतं की पोराची तिथली पहिली दिवाळी विमानातल्या बॅगेच्या २३ किलोंत कोंबून पाठवावी. ती मावत नाही. त्यातलं निम्मं तिथल्या विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं आणि उरलेल्यातलं बरंचसं तिथल्या दुकानात मिळतं.

आधी जे जात नाही ते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. गुरांचे रोग, लाळ-खुरकूत वगैरे, त्यातून शिरू नयेत म्हणून हा नियम आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा आणि घरच्या तुपाची बरणी सरळ बाजूला. ‘तूप तर कढवलेलं असतं’ हा युक्तिवाद कस्टमच्या टेबलावर चालत नाही. ताजी फळं आणि भाज्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना आहे: केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. कढीपत्त्याची जुडी आणि विड्याची पानं घरीच राहू द्यावीत. द्राक्षांची तर गंमतच आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षं ‘ग्रेपनेट’ या निर्यातीच्या सरकारी नोंदणीत नोंदवून, औषधांच्या अंशांची तपासणी होऊन, कंटेनर भरभरून युरोपात जातात. त्याच गावचं पोरगं मात्र पिशवीत एक घड घेऊन उतरू शकत नाही. त्यानं फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या सुपरमार्केटात डब्यावरचं देशाचं नाव वाचावं. भारत लिहिलेलं सापडलं तर बहुधा आपल्याकडचंच असतं.

सुकं खोबरं विमानात नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत दिसल्या तर जर्मनी सोडा, मुंबईतच बॅग उघडायला लावतात. केक-बिस्किटांसाठी लागणारा खोबऱ्याचा कीस तिथे साध्या सुपरमार्केटात मिळतो, करंजीच्या सारणाला तो पुरतो.

मग न्यावं काय? माझ्या मते तीनच गोष्टी. चकलीची भाजणी, गिरणीतून जाडसर दळून आणलेलं डाळीचं पीठ, आणि हलका सोऱ्या. तिथल्या भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळणारं बेसन फार बारीक असतं, त्याचा लाडू टाळूला चिकटतो. भाजणी तर तिथे सहजासहजी मिळत नाही. चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक मूग डाळ आणि मूठ-मूठ धणे-जिरे, सगळं वेगवेगळं भाजून, पूर्ण गार करून दळावं. गरम दळलं तर पीठ पिशवीत दमट होतं. सोऱ्या भांडी बाजारातला पितळी छान दिसतो, पण त्याच्या वजनात दीड किलो भाजणी जाते. स्टीलचा घ्यावा.

तयार फराळ कुरियरने पाठवायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेल्या भेटीवर ४५ युरोपर्यंत जकात आणि कर लागत नाही. पण डब्यात काय आहे आणि किती किमतीचं आहे हे वर खरं लिहावं लागतं. नुसतं ‘फराळ’ लिहिलं तर तिथे कुणाला कळणार? आणि चकली पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, नाहीतर आतल्या वाफेनं मऊ पडते. चकल्या आडव्या न रचता उभ्या लावाव्यात, मधल्या फटींत चिवडा भरावा. तो आधार देतो आणि तुटफूट कमी होते.

बुधवार

स्वयंपाकघराबद्दल इथे कोणी विचारत नाही, आणि खरी फजिती तिथेच होते.

तिथल्या भाड्याच्या घरांत गॅस क्वचितच असतो. काचेची सपाट शेगडी असते आणि ती दोन जातींची. एकीत काचेखालची तार तापते, दुसरी इंडक्शन. इंडक्शनवर आपला अॅल्युमिनियमचा कुकर किंवा कढई चालत नाही. निघण्याआधी भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघावं. चिकटलं तर भांडं दोन्हींवर चालेल. नाही चिकटलं तर इथेच ठेवावं.

तारेच्या शेगडीची खोड अशी की बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. बेसन भाजताना हे लक्षात ठेवलं नाही तर लाडू गेले म्हणून समजावं. इथे गॅस बंद केला की भाजणं थांबतं. तिथे पीठ बदामी व्हायच्या जरा आधीच कढई उचलून लाकडी पाटावर ठेवायची आणि हलवत राहायचं. प्रमाण तेच: अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच घालावी. गरमात घातली तर ते पातळ होतं आणि लाडू बसतात. तूप तिथेच कढवावं. लोण्याची वडी २५० ग्रॅमची येते, त्यात सुमारे ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे कढवून दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप पडतं. वडी बिनमिठाची आहे ना, एवढं बघायचं.

चकलीला तेल जास्त लागतं आणि या शेगडीवर ते हळू तापतं. एका वेळी दोन-तीनच सोडाव्यात. पाच-सहा घातल्या की तेल थंड पडतं, चकली तेल पिते आणि मऊ राहते. चकली तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालंय, दाताला लागत असेल तर कमी पडलंय. उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, नळ्या तुंबतात. गार करून बाटलीत भरून, झाकण लावून उरल्यासुरल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावं.

धूर. घरांत धूर ओळखणारी यंत्रं बसवलेली असतात, कापूर आणि धूप त्याच्या बरोबर खाली लावू नये. घरातलं यंत्र नुसतं ओरडतं. सभागृहातलं मात्र बऱ्याचदा थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं आणि गाडी विनाकारण आली तर बिल आयोजकांच्या नावावर येऊ शकतं. मंडळाच्या आरतीसाठी हॉल घेताना उघड्या ज्योतीची परवानगी लेखी मागून घ्यावी.

फटाक्यांचा विषय दोन वाक्यांत संपतो. तिथे मोठे फटाके फक्त वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांत विकले जातात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाजी मात्र वर्षभर चालते, म्हणून दिवाळीला तीच.

रविवार

माणसांचं सामान बॅगेत जात नाही, त्यावर आज सविस्तर.

तिथे सण तिथीला होत नाही, जवळच्या शनिवारी होतो. रविवारी दुकानं बंद असतात, दिवसभर शांतता पाळायची असते आणि रोज रात्री दहानंतरही आवाज नको. त्यामुळे खरेदी शुक्रवारपर्यंत उरकून घ्यायची आणि जेवण सहाला सुरू करायचं. आठवडाभर आधी जिन्यात एक चिठ्ठी लावावी: कोणता सण, कोणती तारीख, किती वाजेपर्यंत, त्रास झाला तर हा फोन, आणि लाडू खायला जरूर या. एवढ्यानं निम्म्या तक्रारी होतच नाहीत, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी खरंच लाडू खायला येतात. नाशिक ढोल मात्र चार भिंतींत विसरावा. विसर्जनाची मिरवणूक रस्त्यावर काढायची तर शहराच्या कार्यालयाची परवानगी लागते. मूर्तीही नदीत नाही, बादलीतच. म्हणून शाडूची आणि वीतभर उंचीचीच न्यावी. प्लास्टरची असेल तर ती बादलीत तशीच बसून राहते.

आमंत्रण तीन-चार आठवडे आधी द्यावं. ‘या कधीतरी घरी’ याला तिथे आमंत्रण म्हणत नाहीत. सहाला बोलावलं की सहालाच घंटी वाजते, तेव्हा साडेसातला येणारे आपलेच लोक आणि सहाला आलेले ते, यांच्यात दीड तास काय चालवायचं हे आधी ठरवावं. रांगोळीची बोटं धरायला शिकवणं हा त्यावरचा उत्तम उपाय. ताटांजवळ चिठ्ठ्या ठेवाव्यात: शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, दूध. तिथे हे कुणी आवड म्हणून विचारत नाही, अॅलर्जी असते. तूप घातलेला लाडू व्हीगन माणसाला चालत नाही, त्यांच्यासाठी चिवडा तेलातला ठेवावा.

आग्रह करू नये. ‘नको’ म्हणजे नको. याची दुसरी बाजू पोरांना जास्त नडते. कॉफी घेणार का, असं विचारल्यावर आपल्या रीतीनं ‘नको नको’ म्हटलं की पुन्हा कोणी विचारत नाही आणि कॉफी जाते.

त्यांच्याकडे जाताना फुलं न्यावीत, कागद दारातच काढून द्यावीत. शेवंती नेऊ नये. आपल्या पूजेतली ती तिथे थडग्यावरची. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नयेत, अशुभ मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो, ऑफिसातसुद्धा. नव्या माणसाला वाटतं आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि सहकारी मनात म्हणत असतात, हा केक का आणत नाही?

नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळचा असतो. त्या दिवशी दुकानं दुपारी दोनच्या सुमारास मिटतात, पुढचे दोन दिवस सुट्टी. भाजी, दूध आधी भरून ठेवावं. कोणी जर्मन कुटुंबानं त्या संध्याकाळी बोलावलं तर तो मोठा मान समजावा. ती घरच्यांची संध्याकाळ असते.

रंगपंचमीचं तिथे काही खरं नाही. मार्चमध्ये थंडी असते, आणि रंग खेळतात ते एप्रिल-मेच्या एखाद्या शनिवारी, होळी म्हणून. शनी चौकातल्या किंवा तिवंध्याच्या पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारणाऱ्या पोराला ते फिकंच वाटणार. त्याला इलाज नाही.

राहिला फोन. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, आणि दिवाळी नेमकी त्याच्या आसपास येते. त्याआधी फरक साडेतीन तासांचा, नंतर साडेचारचा. नाशिकला साडेसहाला लक्ष्मीपूजन होतं तेव्हा तिथे दुपारचे तीन किंवा दोन, पोर वर्गात. पूजा दाखवायची तर रेकॉर्ड करून पाठवावी आणि फोन रात्री साडेदहाला करावा. तिथे संध्याकाळचे सहा-सात असतात, ते घरी आलेलं असतं. संकष्टीचा चंद्रोदय मात्र नाशिकच्या कॅलेंडरातून सांगू नये, तो त्या-त्या शहराचा वेगळा असतो. नाहीतर पोरगी इथल्या वेळेला उपास सोडायला बसते आणि तिच्या आकाशात चंद्राचा पत्ताच नसतो.