धाकट्याची जमीन

इंग्लंडच्या दक्षिणेला एका सरकारी दप्तरखान्यात मी काम करते. घराण्याचा इतिहास शोधणारे लोक रोज येतात आणि बहुतेकांचा समज एकच असतो, की मृत्युपत्र सापडलं म्हणजे जमीन कुणाला गेली ते कळलं. त्या दिवशीच्या आजीबाईंकडेही मृत्युपत्राची प्रत होती, 1790च्या दशकातली, ससेक्समधल्या लुईस गावच्या चर्च कोर्टात रीतसर सिद्ध झालेली. बापाने घर, खळं आणि शेत थोरल्याला दिलं होतं. घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की सावत्र धाकट्याच्या मामाने ते लाटलं.

"ती चोरी कुठे नोंदली आहे, तेवढं दाखवा," बाई म्हणाल्या.

मृत्युपत्रात 'कॉपीहोल्ड' शब्द दिसला आणि मला अंदाज आला. ही जमीन मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, मालकाची, कुळाकडे रूढीने वंशपरंपरेने चालणारी. हक्काचा कागद म्हणजे मॅनर कोर्टाच्या वहीतल्या नोंदीची नक्कल. आपल्या फेरफारासारखीच, नोंदीवाचून सगळं अडतं. अशी जमीन मृत्युपत्राने द्यायची तर आधी काठीचं टोक स्टुअर्डच्या, म्हणजे मालकाच्या कारभाऱ्याच्या, हाती देऊन ती मालकाच्या स्वाधीन करायची, 'मी मृत्युपत्रात लिहीन त्याच्यासाठी' असं म्हणून. 1815च्या कायद्यापर्यंत काठी दिली नसेल, तर या जमिनीपुरतं मृत्युपत्र रद्दी. मग रूढी चालणार. आणि ससेक्सच्या या भागात पुष्कळ मॅनरांमध्ये वारस म्हणजे सर्वांत धाकटा मुलगा!

वही काढली. 1733 नंतरची, म्हणजे लॅटिनची कटकट नाही. अक्षर मात्र असं, की जणू कारकुनाला शब्दामागे पैसे मिळत होते आणि शाई स्वतःची घालावी लागत होती. कूळ वारल्याचं पंचांनी शपथेवर सांगितलं. मालकाच्या हक्काचं उत्तम जनावर म्हणून तांबडी गाय गेली. वारस धाकटा मुलगा, वय सहा. पुढच्या कोर्टात मामा त्याला घेऊन आला, नजराणा भरला आणि पोराचा पालक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. थोरल्याचं नावसुद्धा नाही. मागची पानं उलटत गेले. बापाने काठी दिल्याची नोंद कुठेच नव्हती.

"म्हणजे चोरी नाहीच?"

"कायद्याने नाही."

बाई हिरमुसल्या. चॅन्सरी कोर्ट, म्हणजे कायद्याच्या अक्षरापेक्षा न्यायबुद्धीने निवाडा करणारं लंडनचं कोर्ट, कधीकधी बायकोमुलांसाठी अशी राहिलेली काठी भरून काढायचं, हेही मी सांगितलं. पण तिथला खर्च झेपणारा माणूस तांबड्या गाईवर दिवस काढत नसतो. आमचे वरिष्ठ म्हणतात, आपण पेट्या आणून द्यायच्या, निवाडे द्यायचे नाहीत. बरोबरच आहे. म्हणूनच त्यांना कधी काही सापडत नाही.

बाई गेल्यावर मी मृत्युपत्राखालच्या दोन साक्षीदारांची नावं वहीत शोधली. दोघेही त्याच मॅनरची कुळं. धाकटा वारस असं शपथेवर सांगणाऱ्या पंचांत दोघेही बसलेले. या मॅनरच्या रूढीप्रमाणे मरणाऱ्याने कोर्टाबाहेर दोन कुळांच्या हाती काठी दिली तरी चालायचं. त्यांनी पुढच्या कोर्टात ते सांगितलं की झालं. म्हणजे मृत्युपत्रावर सही करायला जे दोघे खाटेशी उभे होते, त्यांच्याच हाती काठी देता आली असती. कुंपणाची फांदीही चालली असती.

माहीत नसेल बिचाऱ्यांना, असं म्हणून वही मिटणार होते. पण आधीच्या पानांत त्यांच्यातल्याच एकाची नोंद निघाली. त्याने स्वतःच्या जमिनीसाठी काठी दिली होती, आपल्या मृत्युपत्रासाठी, त्याच स्टुअर्डपुढे.

मी बाईंना ते कळवलं. उत्तर एका ओळीत आलं: "तर मग चोरीच." तसं सिद्ध होत नाही. शेजारी मरत असताना माणूस गप्प का राहिला, ते कोर्टाच्या वहीत येत नाही. मामाशी संधान असेल, किंवा आईविना राहिलेल्या सहा वर्षांच्या पोराची दयाही असेल. स्टुअर्डचे कच्चे कागद दोन पेट्यांत अजून न लावलेले पडले आहेत. वरिष्ठांना न विचारता त्या मी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आहेत.