आत्याची मोरी आणि इंग्लंडची ग्रँट

कोल्हापूरहून फोन आला की हल्ली एक विषय हमखास निघतो: "आईबाबांसाठी बाथरूम नवीन करायचंय, तिकडनं काय पाठवशील?" मी इंग्लंडमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वृद्धांची आणि अपंगांची घरं बघणं हेच माझं काम, त्यामुळे विचारणारेही पुष्कळ. दांड्या, खुर्च्या सगळं कोल्हापुरात मिळतं. शिकण्यासारखी आहे ती इथली कामाची रीत, आणि त्यामागचा सरकारी पैसा.

इथे एखाद्या आजोबांना बाथटबमध्ये पाय टाकणं जमेनासं झालं की घरचे काउन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, कळवतात. नंबर लागायला वेळ जातो, कधीकधी फारच. मग आमच्यापैकी कुणीतरी घरी जातं. टेप काढायच्या आधी आम्ही आजोबांना खुर्चीतून उठायला सांगतो, संडासापर्यंत चालायला सांगतो. भार कुठल्या हातावर येतो, वळताना काय धरतात, ते बघतो. बरेच जण टॉवेलच्या दांडीला धरतात, आणि ती माणसाचं वजन पेलायला बनवलेलीच नसते. आधाराची दांडी कुठे हवी, ते आजोबांचा हातच दाखवतो.

खर्चाचं असं आहे. डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट, म्हणजे अपंगांच्या घरात असे बदल करायला मिळणारं अनुदान, पात्र माणसाला देणं १९९६ च्या कायद्याने काउन्सिलवर बंधनकारक आहे. मर्यादा इंग्लंडमध्ये ३०,००० पौंड, वेल्समध्ये ३६,०००. प्रौढ माणसाचं आणि त्याच्या जोडीदाराचं उत्पन्न आणि बचत तपासतात. ऐपत असेल तर काही वाटा त्यांनी भरायचा. अपंग मूल १८ वर्षांच्या आतलं असेल तर आईवडिलांची कमाई विचारातच घेत नाहीत, आणि मला या कायद्यातली ही तरतूद सगळ्यात मोलाची वाटते. अर्ज दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. मंजुरीआधी काम सुरू केलं तर सहसा पैसे मिळत नाहीत. १,००० पौंडांच्या आतली दांड्या-कठड्यांची कामं इंग्लंडमध्ये मोफत होतात.

या पैशातून बहुतेक वेळा टब काढून सपाट, उतार दिलेली, पाणी थेट जाळीत जाणारी फरशी करतात. म्हणजे आपल्याकडची मोरीच की! आपल्या घरात ती आधीपासून आहे. अडतं ते उंबऱ्याशी, दाराशी आणि गुळगुळीत फरशीशी.

शिवाजी पेठेत आमच्या आत्याचं जुनं घर आहे. गुडघ्यांमुळे तिला मोरीचा उंबरा ओलांडवेना. गवंडीमामा म्हणाले, "ताई, उंबरा काढला तर पाणी सोप्यात येईल की." त्यांचं बरोबर होतं. म्हणून दारातच आडवी नाली काढून वर स्टीलची जाळी बसवली, आणि आतला उतार दारापासून लांब, मागच्या कोपऱ्याकडे दिला. भिंत दगडमातीची, तिच्यात स्क्रू टिकत नाही. तिथे आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूने लोखंडी पट्टी दिली, मगच दांडी लावली. दार बाहेर उघडणारं केलं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं, बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटीमीटर ठेवली, कारण त्याहून खाली बसलं की उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. फरशी खरखरीत घेतली. ती घासायला कष्ट पडतात ही आत्याची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. घरात व्हीलचेअर असेल तर ती वळायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ आणि ९० सेंटीमीटरचं दार लागतं. पेठेतल्या घरात एवढी जागा क्वचितच निघते. तिथे मोरी मोठी करण्याचा हट्ट सोडून चाकांची कमोड खुर्ची घ्यावी.

हा सगळा खर्च भावंडांनी वाटून घेतला. ज्या घरात वाटून घ्यायला कुणी नाही, त्यांनी काय करायचं? राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, एकदाच ३,००० रुपये. त्यात कमोड खुर्ची, वॉकर बसतो. तेवढा फॉर्म तरी जरूर भरा, शेजारच्या आजींचाही भरून द्या. पण उंबरा काढायला, दार रुंद करायला त्यातून काय होणार? महापालिका आणि ग्रामपंचायतींना उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. घरातल्या मोरीच्या कामाला त्यातून मदत मिळावी, अशी मागणी प्रभागात लेखी करायला हवी. नगरसेवकाकडे आपण गटारीसाठी, पेव्हिंग ब्लॉकसाठी जातोच. या कामासाठीही गल्लीतल्या चार घरांनी मिळून जावं. अर्जाचा मसुदा करायला आणि मोजमापं समजावून द्यायला मी इथून मदत करेन.