मोठे टायर सगळ्यांना दिसतात

जीपचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की सोलापुरातून पहिला प्रश्न टायरचाच येतो. ‘किती इंची बे?’ मावसभावाकडं थार आहे. रविवारी शहराबाहेरच्या माळावर ती उधळायची, हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. (नान्नजच्या बाजूला नाही, तिथं माळढोकाचं अभयारण्य आहे, हे त्याला दरवेळी सांगावं लागतं.) टायर झाले की गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मग बंपर, मग छतावरचे दिवे. ब्रेकबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. म्हणून हा लेख ब्रेकवर.

माझी जीप म्हणजे जुन्या पिढीची रँग्लर, जिला इथं अमेरिकेत जेके म्हणतात ती. कंपनीचे टायर साधारण ३२ इंचाचे होते, आता ३५ आहेत. चाकाचा व्यास वाढला की ब्रेकचं काम वाढतं. चाकाबरोबर फिरणारी डिस्क तेवढीच, तिला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पॅडची पकड तेवढीच, पण जमिनीला टेकणारी कड मध्यापासून लांब गेलेली. त्यामुळं पाय तेवढ्याच जोरानं दाबला तरी गाडीला थांबवणारी ओढ आठ-नऊ टक्क्यांनी कमी पडते. त्यात नवा टायर जड, आणि वजन बहुतेक कडेला, त्यामुळं फिरणारं चाक आवरायला आणखी जोर लागतो. सोलापूरच्या सपाटीवर हे कळणारही नाही. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीनं उतरताना थोडंफार कळेल. मी राहतो त्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये मात्र घराच्या खिडकीतूनच पाइक्स पीक दिसतो, १४,११५ फूट. थेट माथ्यापर्यंत एकोणीस मैलांचा डांबरी रस्ता आहे. उतरताना ग्लेन कोव्ह नावाच्या ठिकाणी रेंजर प्रत्येक गाडी थांबवून चाकाकडं थर्मामीटर रोखतात. ब्रेक जास्त तापलेले असतील तर गाडी बाजूला लावायची आणि गार होईपर्यंत डोंगर बघत बसायचं. नवे टायर घातल्यावर मी तिथला डोंगर भरपूर बघितला.

तापण्याची भीती खरी आहे. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारं यंत्र. ती उष्णता बाहेर पडली नाही की पॅडची पकड सुटायला लागते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळं पेडल मऊ पडतं आणि खाली जातं. मोठी डिस्क इथं दोन्हीकडून उपयोगी पडते. पकड मध्यापासून लांब बसते आणि उष्णता साठवायला, सोडायला जास्त लोखंड मिळतं. मी घेतलेल्या किटमध्ये पुढच्या दोन मोठ्या डिस्क, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाहेर सरकवणारे ब्रॅकेट आणि नवे पॅड होते. कॅलिपर कंपनीचेच राहिले. मोठ्या पिस्टनचे कॅलिपर मी मुद्दाम टाळले. त्यांना जास्त ऑइल लागतं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडं ढकलणारा) जुनाच ठेवला तर पेडल लांब जातं. भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्कही नको म्हटलं. माझ्या मते त्या फोटोसाठी असतात.

किट घरीच बसवणार म्हटल्यावर ग्रुपवरून प्रश्न आला, ‘का बे, तिकडं मिस्त्री मिळत नाहीत का?’ मिळतात. तासाला शंभर डॉलरच्या पुढं घेतात. त्यामुळं आपल्याकडं ज्या कामाला गाडी सोडून आपण चहाला जातो, ते काम इथं माणसं सुट्टीच्या दिवशी घरच्या गॅरेजमध्ये करतात. हत्यारांची अडचणही येत नाही. ऑटोझोनसारख्या दुकानात अनामत भरून विशेष हत्यारं घरी नेता येतात, परत केली की पूर्ण पैसे परत. अक्कलकोट रोडला मामांचं गॅरेज आहे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘आमचा पाना शेजारच्या गॅरेजला गेला की दिवाळीलाच दिसतो.’

काम सुरू केलं संध्याकाळी, म्हणजे मामांच्या सकाळच्या चहाच्या वेळी, व्हिडिओ कॉल लावून. मामा ड्रम ब्रेकच्या महिंद्रा जीपवर वाढलेले. लायनर घासतोय की नाही हे ते आवाजावरून सांगतात. डिस्कचं त्यांना फारसं कौतुक नाही, शिस्तीचं मात्र आहे. गाडी जॅकवर ठेवून हात घालायचा नाही, खाली स्टँड पाहिजेच. कॅलिपर सुटला की होज पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं वर बांधायचा. नव्या डिस्कला गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरनं पुसल्याशिवाय पॅड जवळ न्यायचे नाहीत. बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळायला मामा तयार होते. मी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) दाखवला तेव्हा ‘तुझं शिक्षण वाया गेलं नाही’ एवढंच म्हणाले.

खरी मजा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना आली. ऑइल सगळंच बदलायचं असल्यामुळं चारही चाकं घ्यायची होती. बायको पेडलवर, मी चाकापाशी, मामा फोनमध्ये. ‘सूनबाई, पंप करा… आता दाबून धरा.’ मी निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचा, बुडबुडे नळीतून बाटलीत यायचे, निपल बंद झाला की मगच पाय वर. मामा म्हणाले, ‘डावं मागचं आधी घे.’ नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. पण इथं स्टिअरिंग डावीकडं, सिलिंडरही डावीकडं, म्हणून लांबचं चाक उजवं मागचं. मामांना हे पटायला मिनिटभर लागलं. काही गाड्यांचा क्रम वेगळाच असतो, तेव्हा गाडीच्या पुस्तकात दिलेलाच धरावा. मास्टर सिलिंडरवरच्या टाकीतलं ऑइल मध्येच संपू द्यायचं नाही, नाहीतर परत हवा आत आणि सूनबाई परत पहिल्यापासून.

ऑइलबद्दल जरा सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार, दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही हद्द १४० वर येते. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

शेवटी रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळू वेगापर्यंत ब्रेक मारायचा, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत, असं बऱ्याचदा केलं. त्यानं पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. वास येतो, घाबरू नये.

मावसभावाला आता हेच किट थारसाठी हवंय. त्याला कळवलंय की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. त्यानं मूळ मापाचे चांगले पॅड टाकावेत आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावं. शेवटचं कधी बदललं ते त्याला आठवत नाही. मामांकडं एका दुपारी दोन्ही होतं, आणि कलम ५२ कुठं आडवंही येत नाही.