कुलेरा

मंगळवारी सकाळी सातलाच दवाखान्याच्या ओट्यावर बायका येऊन बसतात. पाठीला चितेंजेत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडात, बांधलेलं बाळ, हातात आरोग्याची वही. चार वर्षं झाली, इथली औषधांची खोली मी सांभाळते. नवऱ्याला आफ्रिकेतल्या मलावीत, थ्योलोच्या चहाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून कऱ्हाड सोडलं. फार्मसीचं शिक्षण असं कामी आलं.

कुटुंबनियोजनाला इथे ‘कुलेरा’ म्हणतात. मूळ अर्थ, लेकराला वाढवणं. माझी आजी ‘पाळणा लांबवणं’ म्हणायची. चिचेवा ही इथली भाषा शिकताना हा शब्द भेटला तेव्हा मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

पण देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष बांडा यांच्या राजवटीत याच गोष्टीवर आधी बंदी होती. १९८२ साली वाट उघडली, तीही ‘दोन मुलांत अंतर’ एवढंच म्हणत. १९९२ च्या राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या शंभरातल्या सातच बायका आधुनिक साधनं वापरत होत्या. २०१५-१६ मध्ये अठ्ठावन्न. तेवढ्या काळात एका बाईमागची मुलं ६.७ वरून ४.४ वर आली. एवढ्या गरीब देशात हे झालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कशामुळे झालं? मला विचाराल तर इंजेक्शनमुळे, आणि ते गावात पोचलं म्हणून. २००८ पासून गावचे आरोग्यसेवकही ते देऊ लागले, तशी बायकांची दिवसभराची पायपीट वाचली. आमच्याकडे गावात दोन पोरं झाली की थेट ऑपरेशन; तांबी बसवणाऱ्या थोड्या. इथे साधन वापरणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्या बायका तीन महिन्यांच्या सुईवर आहेत. सुई टोचून घेतली की घरी लपवायला काही उरत नाही, हे फार मोठं कारण आहे.

उरते ती वही. त्यात तारीख लिहिलेली असते आणि नवऱ्याला वाचता येतं. एक बाई, चार लेकरांची आई, दर खेपेला वही माझ्या कपाटात ठेवून जायची. “आमायी (बाई), तुमच्याकडेच असू दे,” म्हणायची. मी कधी कारण विचारलं नाही.

आता स्वतः टोचून घ्यायचं इंजेक्शन आलंय. प्लॅस्टिकची बोटभर कुपी, आखूड सुई, पोटावर किंवा मांडीवर टोचून दाबायची. मांगोची जिल्ह्यात ७३१ बायकांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. स्वतः टोचणाऱ्यांपैकी ७३ टक्के वर्षभरानंतरही ते घेत होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांकडून टोचून घेणाऱ्यांपैकी ४५ टक्केच. मला नवल वाटलं नाही. पावसात इथले रस्ते कसे होतात ते मी पाहते.

काळजी पोरींची वाटते. त्याच २०१५-१६ च्या पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या २९ टक्के मुली आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. आधीच्या पाहणीपेक्षा जास्त. लग्न न झालेली पोर ओट्यावर बसायला धजत नाही. ती खिडकीशी येते, डोकेदुखीची गोळी मागते आणि उभीच राहते. मग मी तिला आत घेते, दार लोटते.

गेल्या महिन्यात वही ठेवून जाणारी ती बाई स्वतः टोचायला शिकली. पहिल्याच दाबाला नीट जमलं. “म्हणजे आता वर्षभर यायला नको?” तिनं विचारलं. वर्षभरासाठी आणखी तीन कुप्या लागल्या असत्या. कपाटात एकच उरली होती. ती मी तिला दिली आणि तिची वही पुन्हा कपाटात ठेवली.